लाल दिवा विझेपर्यंत

दोन खोल्यांना नवा रंग लागला होता, म्हणून त्या रात्री घरातली सगळी अंथरुणं मधल्या खोलीत आली होती. खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी रंगाचा वास नाकातून जात नव्हता. मामांनी स्वतःच्या हाताने भिंती रंगवल्या होत्या. आता ते खोलीच्या मधोमध, मांडीवर उशी घेऊन बसले होते. त्यांच्या केसांवर रंगाचे ठिपके उडाले होते की केसच पांढरे होते, ते अंधारात कळत नव्हतं.

मोठा दिवा मालवला होता, तरी कपाटामागच्या बोर्डावरचा बारीक लाल दिवा जळत राहिला होता.

"मामा, तोही बंद करा ना," धाकटी भाची पांघरुणातून म्हणाली. "कोणीतरी एक डोळा उघडा ठेवून झोपलंय असं वाटतं."

"राहू दे. जळतोय तोवर तो खरं बोलतोय. भीती वाटायचीच असेल तर विझलेल्याची वाटू दे."

"झालं सुरू," भाचा म्हणाला. "मामा, या वेळी तरी भुताचे पाय सरळ ठेवा."

"या गोष्टीत पाय दिसतच नाहीत," मामा म्हणाले. "हात आहेत."

धाकटीने पांघरूण नाकापर्यंत ओढलं. मामांनी सांगितलं ते असं.

मामा धंद्याने रंगारी, आणि रंगारी अन् वायरमन यांचं सहसा पटत नाही. रंगारी भिंत गुळगुळीत करतो आणि वायरमन येऊन तिला खिंडार पाडतो. पण मामांच्या कामावर एक वायरमन यायचा, त्याच्याशी मामांचं जमायचं, कारण भिंत फोडल्यावर तो निदान झाडून घ्यायचा. त्याला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव त्याच्या दाजींनी ठेवलेलं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते स्वतः जुने वायरमन. मेहुण्याला त्यांनी हाताखाली घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात या पठ्ठ्याने दोन उघड्या तारा एकमेकींना भेटवल्या. अख्ख्या मजल्यावर अंधार झाला. दाजी अंधारातच म्हणाले, "कुठे गेली आमची ठिणगी? लागलं का रे कुठे?" तेव्हापासून खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

दाजींच्या कामाच्या काही खोडी होत्या. मेन स्विच बंद केल्याशिवाय ते तारेला बोट लावत नसत. मेन बंद केला तरी टेस्टर लावून बघत. टेस्टर म्हणजे तो स्क्रू-ड्रायव्हरसारखा असतो, ज्याच्या मुठीत करंट असला की इवलासा दिवा पेटतो. तारेचं टोक ते स्क्रूखाली घालायच्या आधी दुहेरी दुमडत, म्हणजे ते घट्ट बसतं. आणि वायर सोलायची ती दातांनी. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे त्यांनी सोललेल्या वायरच्या कडेवर एक तिरकी खाच उमटायची. ते काम दाजींचं हे कोणीही ओळखावं.

"पकड असताना दात कशाला?" ठिणगी विचारायचा.

"पकड कुठे ठेवली ते शोधावं लागतं. दात जागच्या जागी असतात."

दमणं हा शब्द दाजींना ठाऊक नव्हता, असं लोक म्हणत. तसं नव्हतं. ते दमायचे, पण सांगायचे नाहीत. मागच्या वर्षी एका मोठ्या कारखान्यातली लाइन जळाली. दाजी दोन रात्री तिथेच होते. पहाटे घरी आले. बायको आणि आई झोपल्या होत्या, त्यांची झोप मोडायला नको म्हणून आत गेलेच नाहीत. दारामागची घडीची कॉट बाहेरच्या खोलीत टाकली. बायकोला जाग आलीच. तिने विचारलं, "चहा करू?" ते म्हणाले, "नको. जरा पडतो."

पडले ते उठले नाहीत.

ठिणगीच्या ताईने ती कॉट मिटली आणि परत दारामागे उभी केली. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही.

घरात आता दोघीच होत्या, ताई आणि तिची सासू. ठिणगी सासूबाईंना मावशी म्हणायचा. सकाळी ताई कामावर जायची, संध्याकाळी परत यायची, आणि मधल्या वेळात मावशी खिडकीत बसून रस्त्याकडे पाहत राहायच्या.

तर नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारची रात्र. ठिणगी दिवसभर एका इमारतीत शिडीवर उभा होता. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. जेवायला बसणार, इतक्यात ताईचा फोन.

"झोपलास का रे?"

"नाही. उभा आहे अजून, हेच नवल."

"गिझरच्या स्विचचा लाल दिवा विझत नाहीये. बटण बंद केलं तरी जळतोच."

"मग जळू दे ना ताई. उद्या बघतो."

ताई हळूच म्हणाली, "चार दिवस झाले. तुझे दाजी काय सांगून गेलेत? लाल दिवा विझल्याशिवाय गिझरच्या नळाला हात लावायचा नाही. मी लावत नाही. गॅसवर पातेली तापवून आईंना आंघोळ घालते, मग माझी, मग ऑफिस. हात गळून गेलेत माझे. आणि आई झोपतच नाहीत. त्या दिव्याखाली स्टूल टाकून बसतात रात्रभर. काल तिथेच पेंगून पडल्या. आज कपाळाला टेंगूळ आहे."

ठिणगीने ताट झाकून ठेवलं आणि पिशवी उचलली.

ताईचं घर जुनं, बैठं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर. न्हाणीघराच्या दाराबाहेर भिंतीवर तो स्विच. बटणाच्या पोटातच लाल दिवा असतो, तसला. त्याच्याखाली स्टुलावर मावशी बसल्या होत्या. शाल खांद्यावरून घसरली होती. कपाळावर टेंगूळ. डोळे दिव्यावर.

"मावशी, मी आलोय. ठिणगी."

"ये," त्या म्हणाल्या. "हळू बोल. काम चालू आहे."

ठिणगीने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली, म्हणजे, असंच बोलतात हल्ली.

"हा नवा स्विच कोणी बसवला?"

"गल्लीत जमिनीखालची केबल बदलली ना, त्या दिवशी जुना स्विच जळाला. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या माणसाने हा बसवून दिला. तो शपथेवर सांगतो की तो गेला तेव्हा दिवा नीट विझत होता."

"सगळे असंच सांगतात," ठिणगी म्हणाला. "मीसुद्धा."

त्याने मेन बंद केला, मोबाइलचा टॉर्च ताईच्या हातात दिला आणि स्विच भिंतीतून बाहेर काढला. काम अगदी किरकोळ होतं. अशा स्विचच्या पाठीला तीन स्क्रू असतात. एकावर मेनकडून येणारी तार, दुसऱ्यावर गिझरकडे जाणारी, आणि तिसऱ्यावर दिव्यापुरती न्यूट्रलची बारीक तार. येणारी आणि जाणारी यांची अदलाबदल झाली, तर गिझर बंद होतो पण दिवा जळतच राहतो. नवशिक्यांची नेहमीची चूक. इथेही तीच होती. तारांची टोकं जुनी होती, ती त्याने कापली, पकडीने नवी सोलली आणि जागच्या जागी लावली. मेन चालू केला. बटण दाबलं, दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा विझला.

ताईने असा श्वास सोडला की टॉर्चचा उजेड हलला.

टेस्टर पिशवीच्या तळाशी होता. वर हातोडी, छिन्नी, वायरचं भेंडोळं, डबा. हे सगळं उपसायचा ठिणगीला कंटाळा आला. दिवा विझला ना, मग झालं.

"मामा, टेस्टर लावायला हवा होता ना?" भाच्याने अंधारात विचारलं.

"तुला बसल्या जागी कळतंय," मामा म्हणाले. "त्यालाही कळत होतं. पण दमलेल्या माणसाला कळतं एक आणि तो करतो दुसरंच. ऐक."

ताई म्हणाली, "सगळा धुळीने माखलायस. पाणी तापू दे, हातपाय धू, मग दोन घास खा. सकाळी आईंची आंघोळ गिझरच्या पाण्याने घालते. देवा, किती दिवसांनी."

पाणी तापलं. ताईने बटण बंद केलं. दिवा विझला. ठिणगी चपला बाहेर काढून न्हाणीघरात शिरला. फरशी ओली होती. पायांना गार लागलं. बरं वाटलं. त्याने गिझरच्या नळाकडे हात नेला.

घरातले दिवे गेले.

आणि लगेच आले.

"ही नवी केबल!" ताई आतून म्हणाली. "रोज रात्री एकदा तरी असं करते."

ठिणगीने पुन्हा हात पुढे केला. समोरच्या पांढऱ्या फरशीवर एक लाल ठिपका उमटला होता. त्याने मागे वळून पाहिलं. दाराबाहेर स्विच होता. बटण बंद होतं. दिवा जळत होता.

दमलेल्या माणसाला भीतीच्या आधी राग येतो. तो तसाच ओल्या पायांनी बाहेर आला. "बटणाशी कोणी खेळलं का?"

"मी तर इथे ताट वाढतेय," ताई म्हणाली.

मावशी स्टुलावर होत्या. हात मांडीवर.

त्याने मेन बंद केला आणि स्विच उघडला. येणारी तार जाणारीच्या जागी. जाणारी येणारीच्या. तो स्वतःवरच हसला. दिवसभर शिडीवर उभं राहून डोकं असं होतं. उलटंच लावलं असणार. पण मग मघाशी दिवा विझला कसा? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाजूला सारला. तारा नीट लावल्या. या वेळी येणाऱ्या तारेला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, मोठ्याने म्हणाला, "पांढरी वर. ताई, तू साक्षीला," आणि स्क्रू आवळले.

"तो ऐकायचा नाही," मावशी म्हणाल्या.

"कोण, मावशी?"

त्यांनी शाल सारखी केली.

मेन चालू. बटण चालू, दिवा लागला. बटण बंद, दिवा विझला. तिघंही पाहत राहिली. विझलेलाच राहिला. "झालं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात झोप होती. "जा, धू हातपाय. मी बसते इथे आईंजवळ."

ठिणगी न्हाणीघरात गेला. ओली फरशी. त्याला घरी जायचं होतं. आडवं व्हायचं होतं. बाकी काही नको होतं. नळ हाताच्या अंतरावर होता.

दिवे गेले.

या वेळी लगेच आले नाहीत.

अंधारात बाहेरून एक आवाज आला. बारीक. कुरकुर. काहीतरी चावल्यासारखा. मग स्क्रू फिरल्याचा. हळूहळू, शेवटच्या वळशापर्यंत. ठिणगीने तो आवाज ओळखला. रोज ऐकायचा तो. पूर्वी.

"ताई?"

त्याने दाराकडे मान वळवली.

"ताई, स्विचला हात लावू नकोस."

"मी…" ताईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. दुसऱ्याच टोकाकडून. "मी मेणबत्ती शोधतेय."

दिवे आले.

फरशीवर लाल ठिपका.

ठिणगी हलला नाही. हात हवेत तसाच. मग त्याने तो हळूच मागे घेतला. नळाला न लावता. का, ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

तो बाहेर आला. मावशी तशाच बसल्या होत्या.

"मावशी… इथे कोणी आलं होतं?"

"कोणी म्हणजे?" त्या म्हणाल्या. "घरातलंच माणूस."

ताई दारात मेणबत्ती धरून उभी होती. मेणबत्ती न पेटवता.

ठिणगीने मेन बंद केला. टॉर्च स्वतःच्या तोंडात धरला. बोर्डाचे स्क्रू निघेनात, इतके आवळलेले. जोर लावला. निघाले. स्विच बाहेर आला.

पांढरी पट्टी खाली. तारा उलट्या.

आणि टोकं दुमडलेली. दुहेरी.

त्याने दुमडली नव्हती. तो कधीच दुमडत नसे, त्यावरून बोलणी खायचा. त्याने टॉर्च जवळ नेला. पकडीने सोललेली टोकं नव्हती ती. नवी होती. कडेला एक तिरकी खाच. त्याने बोट लावलं.

ओली होती.

ताईने पाहिलं. तिने तोंडावर हात ठेवला. बाहेर एक गाडी गेली. तिचा उजेड छतावरून फिरला आणि निघून गेला.

"दाजी…" ठिणगी पुटपुटला. "दाजी, मी बरोबर लावलं होतं हो."

मग मावशींनी डोळे मिटले आणि थकलेल्या, साध्या आवाजात म्हणाल्या, "तो विचारतोय. टेस्टर लावलास का?"

हे वाक्य ठिणगीने आयुष्यात हजार वेळा ऐकलं असेल. शिडीखालून. भिंतीपलीकडून. फोनवर. त्याने जमिनीवर बसून पिशवी उलटी केली. हातोडी पडली, डबा पडला. टेस्टर मिळाला. त्याने तारा आधी आपल्या पद्धतीने नीट लावल्या, कारण त्याला आता काय तपासायचं ते कळलं होतं. मेन चालू केला. बटण बंद. दिवा विझलेला. कोरड्या पाटावर उभं राहून त्याने टेस्टरचं टोक गिझरच्या नळाला टेकवलं.

टेस्टर पेटला.

बटण बंद होतं. दिवा विझला होता. आणि नळात करंट होता.

तो पाटावरच खाली बसला.

"मामा, थांबा," धाकटी म्हणाली. "बंद असून करंट कसा?"

मामांनी उशी बाजूला ठेवली. "घरात दोन तारा येतात. एकीतून करंट येतो, ती फेज. दुसरीतून परत जातो, ती न्यूट्रल. स्विच फेजवर बसवायचा, म्हणजे बटण बंद केलं की पुढे काहीच जात नाही. पण केबल बदलताना कोणीतरी त्या दोन तारा घराच्या मेनपाशीच उलट जोडल्या. आता स्विच न्यूट्रल तोडत होता. करंट दुसऱ्या वाटेने गिझरमध्ये शिरून तिथेच बसला होता, बटण बंद असो की चालू. बाकी पंखे, दिवे ठीक चालतात, त्यामुळे कळत नाही."

"आणि लाल दिवा?"

"त्या बिचाऱ्याला एवढंच कळतं की आपल्या दोन बाजूंत फरक आहे की नाही. करंट कुठून येतोय हे त्याला कळत नाही. तारा बरोबर लावल्या की तो विझायचा. सगळं सुरक्षित आहे असं सांगायचा. साफ खोटं. उलट्या लावल्या की जळत राहायचा. म्हणजे, नळाला हात लावू नका."

भाचा उठून बसला होता. "म्हणजे चार दिवस…"

"चार दिवस ताई पातेली उचलत होती म्हणून वाचली," मामा म्हणाले. "पुढचं ऐका आणि झोपा."

ठिणगीने उरलेलं काम कसं केलं ते त्याला नीट आठवत नाही. मेनपाशी दोन तारा सुलट केल्या. गिझर उघडून पाहिला, तर आतली कॉइल फुटून करंट पाण्यात उतरत होता, आणि तो जमिनीत जाऊन जिरावा म्हणून जी अर्थची तार असते, ती गंजून तुटून पडली होती. इतकी वर्षं बटण बंद करून नळ उघडायची सवय होती, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. त्याने गिझरची तार काढूनच टाकली आणि टोकं बांधून ठेवली. सकाळी नवी कॉइल, नवी अर्थिंग, मगच पाणी. शेवटी तो स्विच. येणारी तार येणारीच्या जागी. जाणारी जाणारीच्या. न्यूट्रल तिसऱ्या स्क्रूवर. टोकं त्याने दुमडली. दुहेरी. मग मेन चालू केला आणि टेस्टर लावला. सगळीकडे लावला. नळाला, फरशीला, अगदी दाराच्या कडीलासुद्धा.

कुठेच पेटला नाही.

त्याने बटण चालू केलं. लाल दिवा लागला. बंद केलं. विझला.

मग ती तिघं वाट पाहत बसली. मावशी स्टुलावर, ताई उंबरठ्यावर, ठिणगी भिंतीला टेकून. घरातले दिवे जातील म्हणून. जात नव्हते. फ्रिज घरघरायचा, थांबायचा. ताईच्या पायाला मुंग्या आल्या तरी ती हलली नाही. लाल दिवा विझलेला… विझलेलाच… राहिला.

बऱ्याच वेळाने मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी स्विचवरून तळहात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"झालं रे तुझं काम," त्या म्हणाल्या. "किती जागशील? ये. आडवा हो आता."

आणि त्या आत जाऊन झोपल्या. चार रात्रींनंतर पहिल्यांदा, स्वतःच्या अंथरुणात. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं ऐकू आलं, तेव्हा ताई रडली. आवाज न करता. ठिणगी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला, पाय पसरले, आणि बसल्या बसल्याच झोपला.

पहाटे ताईने त्याला हलवलं.

"अरे, खुर्चीत कशाला अवघडून झोपलास? कॉट टाकलीसच होतीस, तर तिच्यावर झोपायचंस ना."

"कुठली कॉट?"

ताई वळली. ठिणगीनेही पाहिलं.

दारामागे भिंत रिकामी होती. घडीची कॉट खोलीच्या मधोमध होती. उघडलेली. चारही पाय नीट टेकलेले. मावशींना ती उचलणारी नव्हती, जुनी, लोखंडी. ताईने टाकली नव्हती. ठिणगी तिच्यापासून हातभर अंतरावर रात्रभर खुर्चीत होता, आणि त्या कॉटच्या बिजागऱ्या करकरायच्या, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

तिच्यावर विणलेली निळी पट्टी मधून दबली होती. माणसाच्या लांबीएवढी. डोक्याकडे थोडी जास्त.

ठिणगीने खाली वाकून त्या खळग्यावर हात ठेवला…

मामा थांबले. कपाटामागचा लाल दिवा तेवढा जळत होता.

"गार होती?" भाच्याने विचारलं.

मामा अंथरुणावर आडवे झाले. हाडं वाजली. त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं.

"कोमट."

धाकटीने विचारलं, "मग ती कॉट? परत मिटली?"

"नाही," मामा म्हणाले. "अजून तशीच आहे. मी स्वतः पाहिली, ते घर रंगवायला गेलो तेव्हा. मी म्हणालो, रंग उडेल हिच्यावर, बाजूला करू का? तर ताई म्हणाली, चादर घाला वरून, पण हलवू नका. आणि जरा हळू बोला."